मुंबईतला फिशटँक आणि पाण्याचा पीएच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागपासून बदलापूरपर्यंतच्या मासे पाळणाऱ्यांकडून येणारे हे प्रश्न आहेत. तेच तेच पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली. सगळं गोड्या पाण्याच्या टाकीबद्दल आहे, समुद्री टाकीचं शेवटाकडे थोडक्यात. मासे आत्ता वर येऊन धापा टाकत असतील तर बाकी सगळं सोडा आणि थेट प्रश्न १३ वाचा.

१. पीएच म्हणजे नक्की काय? माशांना त्याने काय फरक पडतो?

पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, त्याचं माप. ७ म्हणजे मधलं, त्याखाली आम्लाकडे, त्यावर अल्काकडे. लक्षात ठेवायचं ते एवढंच की या मापात एका अंकाचा फरक दहापट असतो. ७ वरून ६ वर आलेलं पाणी दहापट आम्लधर्मी झालं, ५ वर आलेलं शंभरपट. म्हणून "एकच पॉइंट तर घसरलाय" असं म्हणून सोडून देऊ नये.

माशाच्या कल्ल्यांतून क्षार आणि वायू यांची ये-जा सतत चालू असते. पाणी अचानक बदललं की ती बिघडते. बदल काही आठवड्यांत हळूहळू झाला तर बहुतेक मासे निमूट जुळवून घेतात, तोच बदल तासाभरात झाला तर आडवे होतात.

२. माझ्या माशांना किती पीएच लागतो?

गोल्डफिशला ७ ते ८. गप्पी, प्लॅटी, मॉली यांनाही ७ ते ८, त्यातही मॉलीला जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी जास्त मानवतं. फायटर ६.५ ते ७.५, एंजल ६ ते ७.५. निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना ७ च्या खालचं मऊ पाणी आवडतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मात्र वेगळ्या जातकुळीचे, त्यांना ७.८ ते ८.६ लागतो.

हे आकडे पाहून लगेच दुकानात पळू नका. आपल्याकडे मिळणारे बहुतेक मासे शेततळ्यात किंवा टाकीत पैदास केलेले असतात, ॲमेझॉनच्या नदीतून आलेले नसतात. एंजलसाठी ७.४ वर ठाम असलेली टाकी ही आज ६.५, परवा ७.५ अशा टाकीपेक्षा केव्हाही चांगली. निऑन आणि मलावी सिक्लिड एकत्र ठेवायचे असतील तर त्यावर उपाय नाही, दोन टाक्या घ्या.

३. बीएमसीच्या पाण्याचा पीएच किती असतो?

बहुतेक ठिकाणी ७ ते ८ च्या दरम्यान. पण मुंबईच्या पाण्याची खरी ओळख त्याच्या मऊपणात आहे. शहराला पाणी येतं ते मोडकसागर, तानसा, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून. हे पावसाचं पाणी आहे आणि ते सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्ट खडकावरून वाहत येतं. हा खडक चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्यात क्षार कमी. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो आणि टाकीचा पीएच मात्र जरा धक्का लागला की घसरतो.

नळाचं पाणी मोजायचं असेल तर दोनदा मोजा: एकदा लगेच, एकदा उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून. पाइपमधून येताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असू शकतो. तो उडून गेल्यावर आकडा बदलतो आणि तोच दुसरा आकडा खरा धरायचा.

४. सगळे "केएच बघ, केएच बघ" म्हणतात. ही काय भानगड आहे?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचं माप. टाकीत सतत आम्ल तयार होत असतं: माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून, जिवाणूंच्या कामातून. हे क्षार ते आम्ल गिळून टाकतात, म्हणून पीएच जागचा हलत नाही. केएच म्हणजे बँकेच्या खात्यातली शिल्लक. ती आहे तोवर रोजचा खर्च दिसतही नाही, संपली की एका रात्रीत गडबड होते.

म्हणजे पीएच ७.२ आणि केएच ६ असलेली टाकी, आणि पीएच ७.२ पण केएच १ असलेली टाकी, या आज सारख्या दिसतात. पुढच्या महिन्यात दिसणार नाहीत.

मोजायला सोपं आहे. किटमधल्या बाटलीत ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकायचा, प्रत्येक थेंबाला झाकण लावून हलवायचं आणि मोजायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं, मग एका थेंबाला अचानक पिवळं. जितक्या थेंबांना पिवळं, तितका अंश केएच. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. मुंबईच्या नळाच्या पाण्यात साधारण दोन ते चार थेंबांत काम होतं. पहिल्याच थेंबाला पिवळं झालं तर शिल्लक संपत आली. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांच्यासाठी ४ ते ८ ठेवा. मिश्र टाकीला ३ च्या खाली जाऊ देऊ नका.

जीएच ही वेगळी गोष्ट, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप. दोन्ही बरोबर वाढतील असं नाही.

५. घरी आरओवाल्याने दिलेला टीडीएस मीटर आहे. तो चालेल ना?

चालेल, पण दुसऱ्या कामाला. टीडीएस मीटर विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो: मीठ, नायट्रेट, चुना, काहीही. बायकार्बोनेट किती हे त्याला कळत नाही. जुन्या टाकीत टीडीएस ४०० आणि केएच शून्य असं सर्रास सापडतं. आज आलेलं पाणी बीएमसीचं की टँकरचं हे ओळखायला मात्र त्याच्यासारखा मीटर नाही (प्रश्न १६).

६. स्ट्रिप, थेंबांचं किट की पेनसारखा मीटर?

थेंबांचं किट घ्या. स्ट्रिपा मुंबईच्या दमट हवेत, त्यातही जून ते सप्टेंबर, डबी उघडी राहिली की वाया जातात. घ्यायच्याच असतील तर डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ओल्या हाताने स्ट्रिप काढू नका.

पेन मीटर चांगला, पण त्याला कॅलिब्रेशन लागतं. सोबत ४.०१ आणि ६.८६ लिहिलेल्या पुड्या येतात, त्या सांगितलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून आकडा जुळवायचा. पुडी न फोडता महिनोन् महिने वापरलेल्या मीटरवर विसंबून कुणी टाकीत औषध ओततं तेव्हा जीव वरखाली होतो.

थेंबांच्या किटमध्येही एक खोच आहे. साधं किट ६ ते ७.६ एवढंच मोजतं. रंग गडद निळा आला तर पीएच ७.६ असेल किंवा ८.४ही असेल, किटला कळत नाही. अशा वेळी वरच्या टप्प्याचं वेगळं किट लागतं. शिवाय टाकीत निळं औषध घातलेलं असेल तर रंग बघण्यात अर्थ नाही.

७. काही न करता दर आठवड्याला पीएच खाली का येतो?

कारण टाकी काम करतेय. फिल्टरमधले जिवाणू माशांचा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्या कामात आम्ल तयार होतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता (म्हणजे केएचच, त्याच मिलिग्रॅमच्या हिशेबात) खर्च होते. म्हणजे केएच ३ असलेल्या मुंबईच्या पाण्यात, पाणी न बदलता नायट्रेट साधारण ३० ते ३५ पीपीएमने (लिटरला तितके मिलिग्रॅम) वाढेपर्यंत शिल्लक शून्यावर येऊ शकते. छोटी टाकी, जास्त मासे आणि "भूक लागलीय बिचाऱ्यांना" म्हणून दिवसातून चारदा खाद्य, एवढं जमलं की हे व्हायला फार आठवडे लागत नाहीत.

पुढे आणखी वाईट होतं. पीएच ६.५ च्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, ६ च्या आसपास जवळपास थांबतात. मग अमोनिया साठायला लागतो. तिथून पुढचं प्रश्न २० मध्ये.

८. पाणी किती आणि किती दिवसांनी बदलायचं?

आठवड्याला पाव टाकी. प्रत्येक बदलात नळाच्या पाण्याबरोबर थोडा केएच आत येतो आणि नायट्रेट बाहेर जातं. बहुतेक घरांत एवढ्यावरच पीएच स्थिर राहतो, पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

महिन्यातून एकदा सगळी टाकी रिकामी करून, खडी घासून, फिल्टर नळाखाली धुऊन नव्याने भरणं हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्यात पीएच, तापमान आणि जिवाणू तिन्हींना एकदम धक्का बसतो. "टाकी धुतली आणि दोन दिवसांत मासे गेले" या तक्रारीचं कारण बहुतेक हेच असतं.

नव्या पाण्यातला क्लोरीन काढा. पिंपात चोवीस तास उघडं ठेवलं आणि हवेचा दगड (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडला तरी उडतो, नाहीतर अँटी-क्लोरीन घाला. पाणी पहाटे तासभरच येत असेल तर माशांसाठी एक वेगळं पिंप भरून ठेवा. मे-जूनमध्ये पाणीकपात लागली तर पाव टाकीऐवजी दहा टक्के बदला आणि खाद्य निम्मं करा. बदल पूर्ण बंद करू नका.

९. खायचा सोडा टाकून पीएच वाढवता येतो असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि स्वस्तही. आधी टाकीतलं पाणी मोजा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. दोन फुटी टाकी, ६० बाय ३० बाय ३० म्हणजे ५४ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ धरा. ५० लिटरला सपाट पाव चहाचा चमचा सोडा म्हणजे केएच साधारण एक अंश वर. मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या धारेजवळ हळूहळू ओता. दिवसाला एक अंशापेक्षा जास्त नाही, दुसऱ्या दिवशी मोजूनच पुढचा. पाणी बदलाल तेव्हा नव्या पाण्यातही त्याच हिशेबाने घाला, नाहीतर खालीवर होत राहील.

आता सोड्यांची ओळख. इडलीत घालतो तो खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, चालतो. बेकिंग पावडर नाही, त्यात आम्लही असतं. धुण्याचा सोडा अजिबात नाही, त्याने पीएच झपकन फार वर जातो. आणि गणपतीच्या दिवसांत पीओपीची मूर्ती घरीच बादलीत विरघळवण्यासाठी वापरतात ती पांढरी पावडर असते अमोनियम बायकार्बोनेट. दिसायला तशीच, नावातही बायकार्बोनेट, पण टाकीत गेली की सरळ अमोनिया. घरात उरली असेल तर त्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

१०. रोज सोडा मोजत बसायचा कंटाळा येतो. कायमचा उपाय?

फिल्टरमध्ये कोरलचा चुरा किंवा शिंपल्यांचे तुकडे जाळीच्या पिशवीत ठेवा. पाणी आम्लाकडे झुकलं की ते विरघळतात, पुरेसं झालं की जवळपास थांबतात. ५० लिटरला मूठभराने सुरुवात करा, दोन आठवडे आकडा बघा, मग कमीजास्त करा. गप्पी-मॉलीवाल्यांनी हाच मार्ग घ्यावा.

चौपाटीवरचे शिंपले चालतात, पण उकळून, घासून, आत काही अडकलेलं नाही हे बघून. वाळू मात्र आणू नका, तिच्यात मीठ आणि घाण दोन्ही असतात. डिस्कस आणि निऑनच्या टाकीत यातलं काहीच नको.

११. माझं उलटं आहे, पीएच वाढतच चाललाय. नळाचा ७.३, टाकीचा ८.२.

टाकीतला एखादा दगड विरघळतोय. पहिला संशय कडाप्प्यावर घ्या. स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम झालं की उरलेले तुकडे हमखास टाकीत गुहा म्हणून जातात. काळा दिसतो, म्हणून लोक बेसॉल्ट समजतात, पण कडाप्पा हा चुनखडीचा दगड. कोटाही तसाच, संगमरवरही तसाच.

तपासायला तुकडा बाहेर काढून कोरडा करा. पॉलिश असलेल्या बाजूवर काही दिसणार नाही, म्हणून सुरीच्या टोकाने कोपरा खरवडा, पांढरी भुकटी निघेल. त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब सोडा आणि जवळ जाऊन बघा. मोठा फेस येईल अशी अपेक्षा ठेवू नका. थेंबाच्या कडेने बारीक बुडबुडे उठतात, कान लावला तर सुरसुर ऐकू येते. असा दगड टाकीबाहेर. काही झालं नाही तर दगड बहुधा निर्धोक. खऱ्या काळ्या दगडावर थेंब नुसता बसून राहतो.

दगड नसतील तर पांढरी खडी आणि सजावटीचे शंख तपासा. तेही नसेल तर सोसायटीची गच्चीवरची टाकी नुकतीच सिमेंटने प्लास्टर झालीय का विचारा. ताज्या सिमेंटमधला चुना बरेच दिवस पाण्यात उतरतो. अशा वेळी नळाचाच पीएच चढलेला दिसेल.

आकडा स्थिर असेल आणि टाकीत मॉली असतील तर काहीच करू नका. त्या खूश आहेत.

१२. पीएच कमी करायला लिंबू किंवा व्हिनेगर टाकू का?

नको. कोकमाचं आगळही नको (हा प्रश्न खरंच आला आहे). पाण्यात केएच असेल तर आम्ल गिळलं जातं, पीएच थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. तुम्ही पुन्हा पिळता, पुन्हा उतरतो. असं करताना शिल्लक संपते आणि पुढच्या लिंबाला पीएच धाडकन कोसळतो. दुकानातल्या "पीएच डाउन" बाटलीचंही हेच, फक्त लिंबाऐवजी तिखट आम्ल. ती बाटली मी कुणालाच सुचवत नाही.

खरंच कमी हवा असेल तर ड्रिफ्टवुड (टाकीत ठेवायचं वाळलेलं लाकूड) आणि बदामाची पानं वापरा. ही पानं विकत घेऊ नका, मुंबईत जवळपास प्रत्येक सोसायटीच्या आवारात हे झाड असतं. झाडावरून आपोआप गळलेलं, तपकिरी, पूर्ण वाळलेलं पान घ्या, धुवा आणि सोडा. २०-३० लिटरला एक. पाणी चहासारखं होतं, फायटरला ते आवडतं. आपल्या मऊ पाण्यात याचा परिणाम दिसतो. बोअरच्या जड पाण्यात नुसता रंग येतो, पीएच जागचा हलत नाही.

१३. मासे वर येऊन धापा टाकतायत, पीएच ५.८ दाखवतोय. आत्ता काय करू?

हवेचा पंप पूर्ण ताकदीने चालू करा. खाद्य बंद. क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने फक्त दहा टक्के पाणी बदला. चार-पाच तासांनी पुन्हा दहा टक्के. अमोनियाचं किट असेल तर मोजा.

सोडा ओतून तासाभरात ७.५ वर आणू नका. त्याचं कारण प्रश्न २० मध्ये आहे, आत्ता फक्त ऐका. पीएच ठीक असून मासे वर येत असतील तर प्राणवायू कमी आहे किंवा क्लोरीन राहिलाय. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी तापलं की प्राणवायू आपोआप कमी होतो.

१४. आरओचं पाणी शुद्ध असतं, मग तेच टाकीत का घालू नये?

शुद्ध आहे म्हणूनच. त्यात केएच जवळपास शून्य. पीएच आज ७ दिसेल, दोन दिवसांनी ५.५. डिस्कसची पैदास करणारे आरओ वापरतात, पण ते मोजून नळाचं पाणी किंवा क्षार मिसळतात. मुंबईत नळाचंच पाणी इतकं मऊ आहे की घरगुती टाकीला आरओची गरज नसते. बोअर असेल तर गोष्ट वेगळी, पुढे येतेच.

१५. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं. तुरटी फिरवली तर चालेल?

पिण्याच्या हंड्यात आजी फिरवायची, टाकीत नको. तुरटी गाळ खाली बसवते खरी, पण ते करताना पाण्यातला केएच खाते. केएच दोन असलेल्या पाण्यात हात सैल सुटला की पीएच कोसळतो, आणि आम्ल पाण्यात तिच्यातलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतं. गढूळ पाणी पिंपात रात्रभर स्थिर ठेवा, वरचं तीन चतुर्थांश मगाने काढून घ्या. फिल्टरमध्ये स्वच्छ कापूस घातला तर उरलेलंही अडकतं. त्या दिवसांत क्लोरीनचा वासही कधी कधी जास्त येतो, तेव्हा प्रश्न ८ मधलं विसरू नका.

१६. आमच्याकडे कधी बीएमसीचं, कधी टँकरचं पाणी येतं. पीएच नाचतो.

नाचणारच. टँकरचं पाणी बहुतेक विहिरीचं किंवा बोअरचं असतं, केएच आणि टीडीएस नळाच्या कितीतरी वर. समुद्राजवळच्या बोअरला खारटपणाही असतो. पाणी बदलण्यापूर्वी टीडीएस मीटर बुडवा. आकडा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट आला तर ओळखा की टँकर येऊन गेलाय, आणि पाव टाकीऐवजी दहा टक्केच बदला. जमलं तर बीएमसीचं पाणी येतं त्या दिवशी पिंप भरून ठेवा.

कायम बोअरच असेल तर भांडू नका. गप्पी, मॉली, प्लॅटी, पाणी खारट नसेल तर गोल्डफिश किंवा आफ्रिकन सिक्लिड ठेवा. डिस्कसचाच हट्ट असेल तर इथे आरओ मिसळणं योग्य.

१७. सकाळी ६.९, संध्याकाळी ७.६. किट बिघडलंय का?

झाडं जास्त असतील तर किट ठीक आहे. दिवसा झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, पीएच चढतो. रात्री झाडं, मासे सगळेच तो सोडतात, पीएच उतरतो. केएच कमी तर झोका मोठा. रोज एकाच वेळी मोजा, नाहीतर हाती काहीच लागणार नाही. झोका एक अंकाच्या पुढे जात असेल तर रात्री हवेचा पंप लावा आणि केएच ४ पर्यंत न्या. खिडकीतलं थेट ऊन आणि हिरवं झालेलं पाणी यांनीही हेच होतं.

१८. टाकीतल्या झाडांसाठी सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड सोडतो, पीएच रोज एक अंक पडतो. तुमच्या नियमाने मासे मरायला हवेत!

मरत नाहीत, आणि हा अपवाद खरा आहे. गॅसने पीएच बदलतो तेव्हा पाण्यातले क्षार तेच राहतात, मासे ते सहन करतात. क्षार बदलून पीएच हलतो तेव्हाचा धक्का वेगळा. इथे धोका आहे तो गॅस जास्त होण्याचा. अंदाज काढायचा सोपा हिशेब: ३ गुणिले केएच गुणिले दहाचा (७ वजा पीएच) एवढा घात. केएच ३ आणि पीएच ६.५ असेल तर सुमारे २८ पीपीएम, ३० च्या आसपास थांबावं. ड्रिफ्टवुड किंवा बदामाची पानं असतील तर हा हिशेब चुकतो, कारण मग पीएच फक्त गॅसमुळे उतरलेला नसतो. ॲक्वासॉइल घातलेल्या टाकीत ती माती स्वतःच केएच शोषते, तिथे सोडा घालून तिच्याशी झुंजू नका.

१९. नवे मासे आणले की पिशवी किती वेळ तरंगत ठेवायची?

क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून तास-दोन तासांत घरी आलेले मासे असतील तर पंधरा-वीस मिनिटं पिशवी तरंगत ठेवा, तापमान जुळेल. मग बादलीत ओतून टाकीचं पाणी सलाइनच्या नळीने थेंबथेंब सोडा, पाऊण तासात पाणी दुप्पट झालं पाहिजे. मासे जाळीने उचला, पिशवीचं पाणी मोरीत.

कुरियरने एक-दोन दिवस बंद पिशवीत आलेल्या माशांना हा नियम लावू नका. बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, म्हणून तो निरुपद्रवी रूपात पडून राहतो. पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान बंद पिशवीतच जुळवा, उघडल्यावर वेळ न घालवता मासे टाकीत सोडा.

२०. दोन वर्षांची टाकी, पीएच ६, जुने मासे मस्त. नवे मासे मात्र दोन दिवसांत मरतात.

जुने मासे महिनोन् महिने हळूहळू घसरणाऱ्या पाण्याला सरावलेत. नवा मासा दुकानातल्या ७.५ वरून थेट ६ मध्ये पडतो. केएच मोजा, शून्य निघेल.

इथे घाईने पीएच वाढवणं सगळ्यात धोक्याचं. जिवाणू थंडावल्यामुळे (प्रश्न ७) या पाण्यात अमोनिया साठलेला असतो. पीएच ७ ला त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, ८ ला आपल्याकडच्या गरम पाण्यात पाच-सात टक्के होतो. म्हणजे सोड्याच्या एका चमच्याने विष दहापट वाढू शकतं, आणि मरतात ते जुने, धडधाकट मासे. एक-दोन आठवडे रोज दहा टक्के पाणी बदला, खडीतला गाळ थोडा थोडा ओढून काढा, अमोनिया शून्य दिसायला लागला की मग केएच वाढवा. तोवर नवे मासे आणू नका.

२१. गणपतीला दहा दिवस गावी जातोय. टाकीचं काय?

निघायच्या आदल्या दिवशी अर्धी टाकी बदलण्याचा मोह आवरा. तीन-चार दिवस आधी नेहमीसारखी पाव टाकी बदला, केएच ४ च्या वर आहे बघा, कोरलची पिशवी नसेल तर घाला (निऑन-डिस्कसवाल्यांनी सोडून). मोठे धडधाकट मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. दहा दिवसांसाठी शेजाऱ्यांना खाद्याच्या दोन-तीन छोट्या पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात लपवा. डबा हाती लागला की प्रेमापोटी सगळा आत जातो, आणि परत आल्यावर तुम्ही प्रश्न १३ शोधत येता.

२२. समुद्री टाकीत हेच नियम?

तत्त्व तेच, आकडे वेगळे: पीएच ८.१ ते ८.४, केएच ७ ते ११. मुंबईत एक नेहमीचा घोळ होतो. टाकी एसीच्या बंद खोलीत असते, चार माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड तिथेच कोंडतो, पीएच ७.८ वर अडतो आणि माणूस बाटल्या ओतत बसतो. दिवसातून थोडा वेळ खिडकी उघडा, फरक पडतो. जुहूचं किंवा वरळीचं पाणी आणून घालू नका, मीठ विकत घेऊन बनवा.

२३. जाडं मीठ टाकलं तर पीएच वाढतो का?

नाही. काही आजारांत त्याचा उपयोग होतो, पीएचशी त्याचा संबंध नाही.